थोरलीची खंडेनवमी

बंगळुरात दोड्ड बसवण्णाच्या देवळामागे जो उतार लागतो, त्याच्या डाव्या हाताच्या तिसऱ्या घरातून दर रविवारी सकाळी लोखंडावर लोखंड आपटल्याचा एक स्वच्छ, घंटेसारखा नाद येत असे. शेजारी नव्याने राहायला आलेला भाडेकरू पहिल्या महिन्यात त्या नादाला त्रासे. दुसऱ्या महिन्यापासून एखाद्या रविवारी तो नाद आला नाही, तर तोच भाडेकरू कुंपणापाशी येऊन "राव बरे आहेत ना?" असे विचारी. राव बरेच असत. ते मोटारीखाली असत.

शामसुंदररावांचे घराणे पाच-सहा पिढ्या बंगळुरात नांदत आलेले. पूर्वज कोणत्या फौजेबरोबर दक्षिणेत उतरले हे घरात कोणालाच निश्चितपणे ठाऊक नव्हते. परंतु त्या फौजेत घोड्यांची निगा आपल्याकडे असावी, असा रावांचा एक आवडता तर्क होता. "घोडा गेला, खरारा राहिला," असे ते हसून म्हणत आणि हातातले तेलाचे फडके दाखवीत. त्यांच्या घरी मराठी बोलली जाई. मात्र तिच्यात 'स्वल्प थांब' आणि 'सरी, सरी' हे कानडी वळणाचे शब्द इतके मुरले होते की, ते परके आहेत हे कोणी सांगितले असते तर घरच्यांना नवल वाटले असते.

सरकारी बांधकाम खात्यात ते आरेखक होते. पस्तीस वर्षे त्यांनी इतरांच्या पुलांची आणि इतरांच्या धरणांची चित्रे काढली. रेषा इतकी निर्मळ की, वरिष्ठ अभियंते त्यांचे कागद घडी न घालता गुंडाळून ठेवीत. पण कागदावरच्या त्या पुलांपैकी एकाही पुलाला त्यांचा हात लागला नव्हता. त्यांचा हात खऱ्या अर्थाने लागला तो एकाच वस्तूला. ती वस्तू म्हणजे १९६० सालची एक काळी फियाट.

१९६५ मध्ये, बंगळूर सोडून आपल्या गावी परतणाऱ्या एका लष्करी डॉक्टरांकडून ती त्यांनी घेतली. तिचे पुढचे दरवाजे आजच्या मोटारींच्या उलट, मागच्या बिजागरीवर उघडत. आत शिरताना माणूस पाटावर बसावा तसा आधी टेके आणि मग पाय आत घेई. गाडी घरी आली त्यानंतर चार महिन्यांनी रावांचे लग्न झाले. माप ओलांडून तुंगाबाई आत आल्या, तेव्हा त्यांनी परसात उभी असलेली ही काळी, तकतकीत वस्तू पाहिली आणि नवरा तिच्याकडे ज्या दृष्टीने पाहतो तीही पाहिली. "माझ्या आधी घरात आली, म्हणजे ती थोरली. मी धाकटी," असे त्या सासूबाईंना म्हणाल्याचे सांगतात. तेव्हापासून गाडीचे नाव थोरली पडले, आणि तुंगाबाईंनी सवतीशी आयुष्यभर सख्य राखले.

राव स्वतः मेस्त्री कसे झाले, याची हकिगत लहान आहे. पहिल्याच वर्षी गाडी एका कारखान्यात दुरुस्तीला दिली होती. ती परत आली तेव्हा आसनावर एक कागदाची पुडी होती आणि पुडीत तीन स्क्रू होते. हे कुठले, असे विचारता मेस्त्री शांतपणे म्हणाला, "उरले, साहेब. उरले म्हणजे नको होते." ज्याने उभ्या आयुष्यात चित्रातली एक रेषा अधिक-उणी होऊ दिली नाही, त्याला हे तत्त्वज्ञान सोसण्यासारखे नव्हते. राव घरी आले, त्यांनी बाही वर सारली, आणि ते तीन स्क्रू जिथले होते तिथे पोहोचायला त्यांना सहा रविवार लागले. त्यानंतर थोरलीला परका हात लागला नाही.

प्रारंभी ते सुटे केलेले भाग कागदावर मांडीत आणि भोवती पेन्सिलीने क्रम लिहीत. कागद तेलाने माखे, वाऱ्याने उडे. एकदा सगळा क्रमच वाऱ्यावर गेला, तेव्हा दारातून पाहणाऱ्या तुंगाबाई म्हणाल्या की, कागद उडतो, रांगोळी बसून राहते. रावांनी आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता. रांगोळीच्या दगडी भुकटीचा एक कण जरी यंत्राच्या पोटात गेला तरी तो तिथे कानशीच होऊन बसतो. तुंगाबाई आत गेल्या आणि भिजवलेल्या तांदळाचे पीठ वाटून वाटीत घेऊन आल्या. त्या ओल्या पिठात बोट बुडवून त्यांनी परसातल्या शेडच्या लाल गुळगुळीत जमिनीवर प्रत्येक भागाभोवती एकेक घर काढले, घरांना रेषांनी जोडले, आणि आरंभीच्या घरापाशी 'श्री' लिहिला. पीठ वाळले, त्याची धूळ झाली नाही. पुढे तीस वर्षे हीच पद्धत राहिली. राव भाग सुटे करीत, तुंगाबाई ते मांडून ठेवीत, जुळणीच्या वेळी ते रांगोळी उलट्या क्रमाने वाचीत येत आणि 'श्री'पाशी येऊन थांबत. तिथे आले की काम संपले. चौथा स्क्रू कधी उरला नाही.

आपल्याकडे नवे देऊळ बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक मानतात. मात्र जीर्णोद्धार म्हणजे जीर्णाला जसेच्या तसे कवटाळणे नव्हे, हे मला, त्यांच्या शेजाऱ्याला, कोणत्याही ग्रंथापेक्षा शामसुंदररावांच्या शेडने अधिक स्पष्टपणे शिकवले. विग्रह तोच राहावा, परंतु गाभाऱ्यातला दिवा तेवत राहावा यासाठी जे नवे आणावे लागेल ते आणावे, असा त्यांचा भाव होता. जुना डायनामो रात्री दिवे लावताच दमायचा. त्यांनी त्या जागी अधिक वीज देणारा, नव्या तऱ्हेचा अल्टरनेटर बसवला, आणि त्याचा आधार इतक्या बेताने घडवला की तो तिथलाच वाटे. मागच्या-पुढच्या आसनांना सुरक्षेचे पट्टे आले. इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा नव्हता. तो आला आणि त्याच्या तबकडीवर रावांनी आपल्या आरेखकाच्या हाताने एक बारीक लाल रेषा ओढली. जे नवे तुकडे लागत ते यशवंतपूरला पिराजी लेथवर काढून देई. हा पिराजी निपाणीकडचा, मराठी आणि कानडी एकाच श्वासात बोलणारा. तुकडा हातात देताना तो दर वेळी म्हणे, "ह्या अक्काला आता पेन्शन द्या की, अण्णा." आणि राव दर वेळी उत्तर देत की, पेन्शन मला मिळाली तेवढी पुरे आहे, घरात एकाने तरी नोकरीत राहावे.

आता ज्या घटनेसाठी हे सारे लिहायला घेतले, तिच्याकडे वळतो.

रावांचा मुलगा विनोदकुमार एका खाजगी कंपनीत कामाला होता. थोरलीवर त्याचा राग जुना होता. अठराव्या वर्षी वडिलांनी त्याला तिच्या चाकावर बसवले, त्याने पहिलाच गिअर कचकन टाकला, आणि राव एक शब्दही न बोलता खाली उतरून त्याच्या बाजूच्या दाराशी जाऊन उभे राहिले. तो उतरला. त्यानंतर वडिलांनी पुन्हा बोलावले नाही आणि मुलाने पुन्हा मागितले नाही. हा राग १९९५ च्या मे महिन्यात पक्का झाला. विनोदकुमारचे नुकतेच लग्न झाले होते. नवी सून भव्या जे. पी. नगरच्या, पिठाची गिरणी असलेल्या एका मराठी घरातली. नवदांपत्याला नंदीच्या डोंगराखालच्या देवाचे दर्शन घडवून मग डोंगरावर न्यायचे ठरले. डोंगराचा अर्धा घाट चढल्यावर एका वळणावर थोरलीने तोंडातून वाफ सोडली आणि ती उभी राहिली. शेवटी नव्या सुनेला जरीचे लुगडे सावरीत, भाजी उतरवून परतणाऱ्या लॉरीत बसून डोंगर उतरावा लागला. व्याह्यांनी काही म्हटले नाही. परंतु काही न म्हणण्याची त्यांची रीत विनोदकुमारच्या मनाला लागली.

राव कोणाशी वाद घालीत बसले नाहीत. दोष गाडीचा नव्हे, लग्नाच्या गडबडीत तिच्याकडे पाहिले नाही हा माझा दोष, एवढेच ते म्हणाले. परंतु पुढच्या वर्षी विनोदकुमारने नवी मारुती नोंदवली. आवारात एकाच गाडीपुरती जागा होती. जेवताना त्याने विषय काढला. एक भंगारवाला, ज्याला बंगळुरात गुजरीवाला म्हणतात, थोरलीला न्यायला तयार होता.

ते जेवण तुंगाबाईंनी मला पुढे वर्णून सांगितले आहे. रावांनी भात संपवला, ताक घेतले, आणि मग एक अट घातली. दसरा झाल्यावर येणाऱ्या रविवारी घरातल्या सगळ्यांना घेऊन थोरली नंदीचा घाट चढेल. वाटेत कुठेही न थांबता, पाणी न घालता चढली तर ती मरेपर्यंत आवारात राहील. थांबली तर सोमवारी गुजरीवाल्याने यावे. आपण स्वतः किल्ली त्याच्या हातात देऊ.

"मरेपर्यंत म्हणजे कोण मरेपर्यंत, अप्पा? तुम्ही की ती?" विनोदकुमारने विचारले.

"जो आधी मरेल तो," राव म्हणाले.

श्रावणापासून काम सुरू झाले. रेडिएटरचे पोट बदलून अधिक नळ्यांचे केले, पंखा चार पात्यांऐवजी सहा पात्यांचा झाला. परंतु खरे दुखणे इंजिनाच्या माथ्यात होते. तिथे आठ झडपा असतात. मेस्त्री त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. चार झडपा श्वास आत घेणाऱ्या, चार बाहेर सोडणाऱ्या. प्रत्येक झडप आपल्या बैठकीवर केसाचीही फट न ठेवता टेकली पाहिजे. ती टेकली नाही तर इंजिनाचा दम गळतो, आणि दम गळालेले इंजिन घाटावर तापते. राव एकेक झडप घेत, तिच्या कडेला खरखरीत लेप लावीत, आणि दांडी दोन तळहातांत धरून रवी घुसळावी तशी ती तिच्याच बैठकीवर फिरवीत. असे आठ झडपांचे काम अकरा दिवस चालले. अशा रीतीने घासलेली झडप फक्त तिच्याच बैठकीची होते. शेजारच्या बैठकीवर ती दिसायला तशीच बसते, परंतु टेकत नाही. आणि एकसारख्या चार झडपांपैकी कोणती कोठली, हे ब्रह्मदेवालाही नुसते पाहून सांगता येणार नाही. म्हणूनच तुंगाबाईंची रांगोळी होती. रेडिएटरच्या बाजूला 'श्री', तिथून एका ओळीत आठ घरे, प्रत्येक घरात एक झडप.

अष्टमीच्या दिवशी राव आणि तुंगाबाई मल्लेश्वरमला तुंगाबाईंच्या बहिणीकडे नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांच्या हळदीकुंकवाला गेले आणि तिथेच मुक्काम करून नवमीला सकाळी परतले. घरात पाऊल टाकताच त्यांना धुपाचा वास आला. तो शेडकडून येत होता.

भव्याची सासरची ही पहिली खंडेनवमी होती. गेल्या वर्षी ती या सणाला माहेरी होती. माहेरच्या गिरणीत या दिवशी जाती उतरवून धुतात, पट्टे पुसतात, आणि प्रत्येक सुट्या भागाला कुंकू लावून तो पाटावर मांडतात. हे तिने जन्मभर पाहिले होते. सासूसासरे नाहीत, तर आपण मागे राहू नये, म्हणून ती पहाटे उठली. शेडमधले भाग तिने उचलले, रॉकेलने पुसले, पाण्याने जमीन स्वच्छ धुतली. त्या पाण्याबरोबर सासूची रांगोळी गेली. मग त्याच लाल जमिनीवर तिने तांदळाच्या पिठाने एक मोठे अष्टदल कमळ काढले. आठ पाकळ्यांवर आठ झडपा ठेवल्या, मध्ये दिवा ठेवला, भोवती नट पिळायचे पाने आणि हातोड्या प्रभावळीसारख्या मांडल्या. प्रत्येक झडपेच्या माथ्यावर कुंकवाचे एक बोट होते. पूजा झाली होती, आरती झाली होती.

तुंगाबाईंचा हात तोंडाकडे गेला. रावांनी ते पाहिले आणि डोळ्यांनीच त्यांना थांबवले. त्यांनी चपला काढल्या, कमळापुढे वाकून नमस्कार केला, आणि सुनेला म्हणाले की, थोरलीची इतकी सुंदर पूजा या घरात आजवर झाली नव्हती. ते खरेच होते.

आता या घराची एक रीत सांगायला हवी. नवमीला ज्या आयुधाची पूजा झाली, त्याला दशमीच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. राव आयुष्यात एकदाही ही रीत मोडून शेडमध्ये गेले नव्हते. म्हणजे त्या दिवसभर, कोणती झडप कोठली हे ताडून पाहण्याचा मार्गही त्यांना बंद होता. आणि क्रम खरोखर गेला असेल, तर पुन्हा घासायला अकरा दिवस हवेत. रविवार पाच दिवसांवर होता.

तुंगाबाईंनी स्वयंपाकघरात हळूच विचारले की, निदान तिला विचारून तरी पाहायचे का. रावांचे उत्तर त्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकले आहे. ते म्हणाले, "आज विचारलं तर तिला कळेल की चुकलं. पहिली नवमी आहे तिची. उद्या सकाळपर्यंत तिची पूजा पुरी होऊ दे."

एकतीस वर्षांची सोबत पणाला लागलेली असताना, केवळ एका मुलीच्या मनातला सण डागळू नये म्हणून जो माणूस एक दिवस गप्प राहतो, त्याच्या मनाच्या मोठेपणाबद्दल मी वेगळे काय लिहावे? राव दुपारभर शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. मी कुंपणाशी गेलो, तेव्हा त्यांनी मला कमळ दाखवले, पाकळ्यांच्या रेषांचे कौतुक केले, आणि हातात कंपास न घेता इतकी सारखी वर्तुळे काढता येतात हे खात्यात कोणाला पटले नसते, असे सांगितले. त्यांच्या काळजीचा मला पत्ता लागला नाही.

तो संयम विनोदकुमारकडे नव्हता. संध्याकाळी तो आला, त्याने शेडमध्ये डोकावले आणि त्याला हसू आवरले नाही. बायकोला तो म्हणाला की, आता रविवारी नंदीला जायची तसदी नको, गुजरीवाल्याला उद्याच फोन करू. भव्याने का म्हणून विचारले. त्याने झडपांचे सांगितले. सांगता सांगता त्याचे हसू ओसरले, कारण तिचा चेहरा त्याने पाहिला.

ती सरळ शेडकडे आली. राव खुर्चीतच होते.

"मामा, मी चुकले का?"

"पूजा चुकत नसते, बाळ," राव म्हणाले. "क्रम स्वल्प मागेपुढे झाला असेल, तर तो मी पाहीन."

"क्रम?" भव्या क्षणभर गोंधळली. "क्रम कसा मागेपुढे होईल? आत्यांनी श्री जिथं लिहिला होता तिथून एकेक उचलून, पुसून पाटावर ओळीनं ठेवली. आणि जमीन धुतल्यावर त्याच ओळीनं, पूर्वेच्या पाकळीपासून प्रदक्षिणेनं मांडत गेले. एक ठेवायची, मग दुसरी. देवाचं आणखी कसं मांडायचं असतं?"

राव खुर्चीवरून उठले. त्यांनी शेडच्या दारातून उगवतीची बाजू पाहिली, मग पूर्वेची पाकळी पाहिली, आणि तिथून उजवीकडे वळत वळत आठव्या पाकळीपर्यंत त्यांची नजर गेली. त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. मग त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली: कुंकू माथ्यावरच लावलेस, कडेला का लावले नाहीस? ती म्हणाली की, कड आरशासारखी चकाकत होती, तिला बोट लावावेसे वाटले नाही.

"अगं धाकटे," राव आत वळून तुंगाबाईंना म्हणाले, "ही तुझ्याहून हुशार निघाली."

"माझीच सून आहे," आतून उत्तर आले.

तरीही दशमीच्या सकाळपर्यंत त्यांनी झडपेला हात लावला नाही. विश्वास वेगळा आणि परीक्षा वेगळी, आणि परीक्षेवाचूनचा विश्वास यंत्राला चालत नाही. दशमीला उत्तरपूजा झाली. भव्या पाकळीवरून एकेक झडप उचलून देई, राव ती आपल्या बैठकीवर ठेवीत. आठही बसल्या. मग त्यांनी इंजिनाचा माथा उलटा करून ठोकळ्यांवर ठेवला, झडपांवरच्या खोलगट जागांत रॉकेल भरले, आणि खाली कोरा कागद पसरला. एखादी झडप परक्या बैठकीवर असेल, तर रॉकेल तिच्या कडेने झिरपून कागदावर उतरेल. सगळे वाट पाहू लागले. तुंगाबाईंचा वरणभात झाला, पुरण वाटून झाले, पोळ्या झाल्या. विनोदकुमार दोनदा डोकावून गेला. तिसऱ्यांदा तो आत आला, त्याने खाली वाकून कागद उचलला आणि उजेडाकडे धरला. कागद कोरा होता. तो कागद त्याने परत जिथल्या तिथे ठेवला.

रविवारची हकिगत मला पिराजीकडून कळली. घरातले सगळे म्हणजे कोण, यावर वाद होऊन आपली मोजणी घरातल्यांतच व्हावी असा त्याने आग्रह धरला होता. राव चाकावर, शेजारी विनोदकुमार; मागे तुंगाबाई, भव्या आणि पिराजी. देवनहळ्ळीपर्यंत गाडी गाणे म्हटल्यासारखी गेली. घाट लागला तसा रावांनी गिअर खाली आणला. विनोदकुमारची दृष्टी रस्त्याकडे नव्हती. ती उष्णतेच्या काट्यावर होती. जुन्या वळणापाशी भव्या म्हणाली, "इथंच मी लॉरीत चढले." सगळे हसले, आणि सगळ्यांआधी विनोदकुमार हसला, असे पिराजी शपथेवर सांगतो.

त्याहून वर, जिथे चढ सर्वांत उभा आहे, तिथे काटा लाल रेषेच्या केसभर खाली येऊन टेकला. थांबून पाच मिनिटे दम घेतला असता तर तो उतरला असता. पण थांबणे म्हणजेच हरणे होते. रावांनी पहिला गिअर टाकला आणि पाय हलका केला. गाडी माणसाच्या चालीने चढू लागली. काटा रेषेखाली थरथरत राहिला. तेव्हा मागून तुंगाबाई म्हणाल्या, "अहो, आवाज बरा आहे तिचा. चालू द्या." एकतीस वर्षे भिंतीपलीकडून त्या तो आवाज ऐकत आल्या होत्या. रावांनी मान डोलावली आणि काट्याकडे पाहणे सोडून दिले. पुढची तीन वळणे ते निव्वळ कानाने चढले.

माथ्यावर त्यांनी गाडी सपाटीला उभी केली आणि किल्ली फिरवली. आधी कोणीच उतरले नाही. मग विनोदकुमार उतरला, त्याने पुढचे झाकण उघडले, आणि तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा हात रेडिएटरजवळ नेला. आत पाणी उकळत नव्हते. तो झाकण लावून वडिलांच्या बाजूला आला. राव अजून चाकाशीच बसलेले होते. पिराजीच्या मते त्यांचे डोळे ओले होते. तुंगाबाईंच्या मते वारा होता.

"अप्पा," विनोदकुमार म्हणाला, "उतरताना मी चालवू?"

रावांनी त्याच्याकडे पाहिले. मग त्यांनी उलटे उघडणारे ते दार उघडले, खाली उतरले, आणि किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. "ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस," ते म्हणाले. "उतार आहे. इंजिनाला धरू दे. आणि गिअर टाकताना तिला स्वल्प वेळ दे, ती ऐकते."

"अण्णा, आता तुमी बी पेन्शनीत," पिराजी म्हणाला. राव हसत हसत मागच्या आसनावर, सुनेच्या शेजारी जाऊन बसले.

या गडबडीत गुजरीवाल्याला नको म्हणून कळवायचे कोणालाच सुचले नव्हते. तो सोमवारी हातगाडीवाला बरोबर घेऊन हजर झाला. तुंगाबाईंनी त्याला कॉफी दिली. रावांनी थोरली सुरू करून दाखवली. तो बराच वेळ ऐकत उभा राहिला, मग जाताना जुन्या रेडिएटरचे पोट तेवढे घेऊन गेला.

नवी मारुती महिन्याभराने आली. आवारात जागा नव्हती, म्हणून ती फाटकाबाहेर पर्जन्यवृक्षाखाली उभी राहू लागली, आणि विनोदकुमारने त्याबद्दल कधी कुरकुर केल्याचे मी ऐकले नाही. हिवाळ्यात एका रविवारी घंटेसारखा तो नाद पुन्हा आला, म्हणून मी कुंपणाशी गेलो. मारुतीखाली राव होते; तिच्या चाकापाशी विनोदकुमार पाने देत बसला होता. शेडमध्ये तुंगाबाईंनी पिठाची वाटी सुनेपुढे सरकवली. भव्याने बोट बुडवले, उगवतीकडे पाहिले, आणि प्रथम 'श्री' काढला.